दरवाजे नसलेलं पाणी

कडूबाईंनी परातीतलं पीठ एका कडेला सारलं आणि भरला हात तसाच वर धरून लेकीला विचारलं,

"मग समुद्राचे दरवाजे कोन उघडतं?"

मेघा हसली नाही. आईनं मोठं पाणी पाहिलं होतं ते जायकवाडीच्या धरणाचं. पाणी वाढलं की भोंगा वाजायचा, दरवाजे उघडायचे, नदीकाठची माणसं वर सरकायची.

"दरवाजे नसतात, आई. चंद्र ओढतो."

मेघाला रत्नागिरीजवळच्या बंदरात नोकरी लागली होती. भरती किती चढेल ते पाहून जहाजं कधी आत घ्यायची, हे सांगण्याचं काम. इकडे तिच्या मामांनी, अप्पारावांनी, चिकलठाण्याच्या कारखान्यात जागा बघून ठेवली होती आणि त्यांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. बाप राहिला नव्हता; काय ते कडूबाईंनीच सांगायचं होतं. त्यांच्या मनात भीती होती ती पाण्याची. धरण भोंगा तरी वाजवतं, समुद्र न सांगताच अंगावर येत असेल.

"चंद्र एक, अन् पानी दोनदा चढतं म्हनतीस. ते कसं?"

मेघानं पिठाचा गोळा उचलला आणि दोन्हीकडून जरासा ओढून लांबट केला.

"पाणी चंद्राकडं फुगतं, अन् उलट्या अंगालाही. मधी पृथ्वी फिरते, म्हणून दिवसातून दोनदा. चंद्र रोज थोडा पुढं सरकतो, म्हणून भरती रोज पाऊण-एक तास उशिरा."

"तुझ्या बापासारखं. रोज उशिरा, पन यायचा मातर."

आता मेघाला हसू आलं. मग ती सांगतच राहिली. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात, म्हणून उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ आडवी पडते, पाणी मवाळ होतं. पुढच्या वर्षीच्या भरतीची वेळही आजच काढता येते.

कडूबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. दर पौर्णिमेला त्या पांढरी साडी नेसून विहारात जायच्या आणि ही एवढीशी पोर त्यांचं बोट धरून यायची. त्याच चंद्राचं हिला एवढं ठाऊक. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी त्या उठल्या नाहीत.

"अवसेला तर चंद्र दिसतच नाय," त्या हळूच म्हणाल्या. "तरी वढतो?"

"तेवढाच ओढतो, आई."

कडूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि फोन तिच्यापुढं धरला.

"मामाला लाव."

पलीकडून आवाज येताच त्या म्हणाल्या, "अप्पा, ती जागा दुसऱ्या कोनाला दे. अन् रत्नागिरीची गाडी कुठून सुटती, तेवढं सांग."