बॉयलरचा डोळा

मी एक जुना डोळा आहे, मित्रांनो. पाम तेल वाहणाऱ्या एका इंडोनेशियन जहाजाच्या बॉयलरवर बसवलेला, बोटभर लांबीचा, काचेचा. मला एकच काम येते. भट्टीत ज्वाला दिसते तोवर इंधन चालू ठेवायचे, दिसेनाशी झाली की बंद करायचे. बारा वर्षांत मी एकदाही पापणी लवू दिली नाही, कारण मला पापणीच नाही.

पूर्वी माझे फार लाड होत. इंजिनखोलीचे मुकादम तुमिवा, ज्यांना सगळे मंडोर म्हणतात, रोज सकाळी हातातली कॉफी बाजूला ठेवून माझी काच मऊ फडक्याने पुसत. मग नाइबाहो हे नवे चीफ इंजिनिअर आले आणि त्यांनी मंडोरना डेकवरच्या पंपांच्या कामाला जुंपले. माझी काच काळवंडली. ज्वाला विझली की खापर माझ्यावरच फुटू लागले. मला फार वाईट वाटे.

गेल्या महिन्यात दुमाई बंदर सोडल्यावर तिसऱ्या दिवशी, भर दुपारी ज्वाला विझली. पेटवली, पुन्हा विझली. असे सहा वेळा झाले. वाफ नसेल तर टाक्यांतले पाम तेल तुपासारखे थिजते आणि बंदरात ते उतरवता येत नाही. चीफ घामाघूम झाले होते. डोळा आंधळा झालाय, तो बाहेर काढून त्याला टॉर्च दाखवा, असे त्यांनी फर्मावले आणि मंडोरना बोलावून टॉर्च त्यांच्या हाती दिला.

टॉर्चच्या उजेडाला मी ज्वाला समजतो, ही माझी उणीव आहे. मग भट्टीत आग नसली तरी इंधन येतच राहते.

तुमिवा बर्नरसमोर पाय रोवून उभे राहिले.

"वेळ नाही, मंडोर. दाखवा उजेड."

"नाही दाखवणार, चीफ."

"हा माझा हुकूम आहे."

"असू दे. मागच्या जहाजावर असाच टॉर्च मीच धरला होता. आत साचलेलं इंधन भडकलं, भट्टीचं दार उडालं. माझा हा कान गेला, आणि माझा जोडीदार रुंतू गेला. आधी या टॉर्चने आत बघा. मग बोलू."

चीफनी चडफडत झरोक्यातून आत उजेड टाकला. तळाशी सहा वेळा फवारलेले, न जळलेले इंधन चकाकत होते. ते बघून चीफनी टॉर्च खाली ठेवला. मग त्यांनी बाह्या सरसावल्या.

दोघांनी मिळून भट्टी निवू दिली, तळ कोरडा पुसला, पंख्याने आतल्या वाफा पार घालवल्या. इंधनाच्या टाकीच्या बुडातून दोन बादल्या पाणी निघाले. ज्वाला विझवणारा खरा चोर ते पाणीच होते. बर्नरच्या तोंडावरची काजळी खरवडली, माझी काच पुसली. सातव्या वेळी ज्वाला पेटली ती टिकली, आणि पाम तेल बंदरात पातळच उतरले.

तो टॉर्च आता माझ्याशेजारी टांगलेला असतो. बॉयलर पेटवण्याआधी चीफ स्वतः त्याने भट्टीचा तळ बघतात.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणीतरी सारखे 'थांबा' म्हणत असेल. त्याची काच पुसा, त्याला काय दिसत नाही ते विचारा. पण त्याला खोटा उजेड दाखवू नका.