विरोधाची नोंद

"पुढचं नाव, लर्लीन बॅटल," अध्यक्ष म्हणाले. "दोन मिनिटं आहेत."

ओडेसा प्रूइटने नाव लिहून घेतलं. अलाबामातल्या या सरकारी विद्यापीठाच्या नियामक मंडळाची इतिवृत्तं ती सव्वीस वर्षं लिहीत होती. लिहिणारीने बैठकीत तोंड उघडायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा धडा. रविवारी चर्चमध्ये मात्र पहिल्या बाकावरून तिचाच आवाज सर्वांत आधी उठे. प्रवचन रंगात येऊन पाद्रीबाबा बोलता बोलता गाऊ लागले, की प्रत्यक्ष देव शेजारी येऊन टेकल्यासारखं तिला वाटे.

त्याच बाकावर तिच्याजवळ बसायची लर्लीन, विद्यापीठाच्या कँटीनमधली स्वयंपाकीण. आज मंडळापुढे नऊ टक्के फीवाढीचा ठराव होता. लर्लीनची नात जोझेटा नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. वाढ झाली तर पोरीला शिक्षण सोडावं लागणार, हे अख्ख्या चर्चला ठाऊक होतं.

लर्लीनने माइकपाशी कागद उलगडला. ओठ हलले, पण आवाज काही फुटेना. समोरच्या घड्याळात सेकंद उलटे पळत होते. मंडळातले एक गृहस्थ फोनमध्ये डोकं घालून बसले होते.

"सावकाश," कुणीतरी म्हणालं. "सावकाश, बाई. आम्ही आहोत."

सगळ्या माना वळल्या तेव्हा ओडेसाला कळलं, बोललो ते आपणच. पाद्रीबाबा अडखळले की चर्चमध्ये हेच शब्द बाकाबाकांवरून जातात. सवयीने तोंडातून निघून गेले.

"ओडेसा, तुम्ही इथे लिहायला आहात," अध्यक्ष म्हणाले.

"हो सर. लिहितेच आहे."

पण तोवर मागून, चर्चहून आलेल्या लोकांतून दुसरा आवाज आला, "सावकाश, बाई!" मग तिसरा. लर्लीनने कागदाची घडी केली, डोळे मिटले आणि खालच्या पट्टीत नुसतीच गुणगुणू लागली. शब्द थकले की तिची आईही अशीच गुणगुणायची. मागच्या रांगेने सूर उचलला, भिंतीशी उभ्या विद्यार्थ्यांनी उचलला, नि दालन मधमाश्यांच्या पोळ्यासारखं घुमू लागलं. अध्यक्ष हातोडी आपटत राहिले.

"साहेब, ताल झकास धरलाय!" एक म्हातारबुवा ओरडले.

दोन मिनिटं संपली. मतदान झालं. सात विरुद्ध चार, वाढ मंजूर.

दालन रिकामं झाल्यावर अध्यक्ष ओडेसाच्या टेबलाशी आले. "लिहा, वक्त्याने कोणतंही मत मांडलं नाही. एक शब्द बोलली नाही ती."

"माझं लिहून झालंय, सर."

त्यांनी वाचलं: 'श्रीमती लर्लीन बॅटल फीवाढीच्या विरोधात बोलल्या. वेळ दोन मिनिटं, पूर्ण.'

"हे खोडा. गुणगुणणं म्हणजे मत नव्हे."

"मग हातोडी कशाला आपटत होतात?"

अध्यक्षांचे कान लाल झाले. "पुढच्या महिन्यात तुमच्या या खुर्चीत दुसरं कुणी बसेल, ओडेसा."

"बसू दे की. पण इतिवृत्तातली ओळ मी एकटी खोडू शकत नाही, आणि तुम्हीही नाही. पुढच्या बैठकीत लोकांसमोर तसा ठराव मांडावा लागतो, त्यावर मतदान घ्यावं लागतं. नियम तुमचाच आहे. मांडा ठराव. आम्ही येऊ सगळे. चर्चच्या दोन बस आहेत, तिसरी मागवू."

ते वळून निघून गेले.

बाहेर व्हरांड्यात ओडेसाने इतिवृत्ताचा मसुदा फलकावर टाचला. चारही कोपरे अंगठ्याने दाबून बसवले. लर्लीन आणि जोझेटा तिथेच उभ्या होत्या.

"आजी, पुढच्या सत्राचं काय करायचं गं?" जोझेटाने हळूच विचारलं.

"बघू. आधी मला वाचू दे."

लर्लीनने चष्मा चढवला. ओळीवरून बोट फिरवत नावापाशी आली आणि तिथेच थांबली.

"श्रीमती लर्लीन बॅटल," तिने मोठ्याने वाचलं. "कँटीनच्या बिल्ल्यावर नुसतं लर्लीन आहे."

मग बोट न उचलता तिने तेच पुन्हा एकदा वाचलं.