माझ्या हातचं पाणी

सिनेमा संपला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझं डोकं फिरलं.

माझ्या आईनं, कडूबाईनं, ‘घे पाणी’ हे संगीत नाटक उभ्या आयुष्यभर गावोगाव केलं. मंडळ आमचं पडेगावचं. बाबांची ढोलकी, आईचा गळा. गोष्ट साधी. गावच्या विहिरीला शिवू न दिलेली एक बाई स्वतःची विहीर खणते, आणि दुष्काळात तेच गाव तिच्या दारी येतं. शेवटी ती तांब्या पुढं करून गाते, ‘माझ्या हातचं घे पाणी’. मग प्रेक्षकांतल्या कुणीतरी स्टेजवर चढून ते प्यायचं. त्याशिवाय खेळ संपत नाही. मंडळातल्यांनी आणि घरच्यांनी प्यायचं नाही, हा नियम. पैठणकडच्या एका गावात कुणी उठेचना. आई तांब्या धरून गातच राहिली, घसा बसला तरी. शेवटी शाळेतले गुरुजी मान खाली घालून आले आणि प्याले. त्या गावाचा विषय निघाला की आई अजून हसते.

आणि त्यावरून काढलेल्या या सिनेमात काय? तीच बाई गुडघे टेकून ओंजळ पुढं करते, पाटलाचा गोरागोमटा मुलगा वरून पाणी ओततो आणि व्हायोलिनं रडायला लागतात. उलटी गंगा! देणारीला मागणारी करून ठेवली.

पण आमच्या घरात एकमत होईल तर शपथ. बाबा खूश होते. “चाल लई भारी घेतली गं त्यांनी. माझी ढोलकी एवढी मोठी कधी ऐकूच आली नव्हती.” प्रेरणावहिनी डोळे पुसत म्हणाली, “काही म्हणा मोनालीताई, शेवटी रडूच आलं.”

“रडण्यासाठीच केलंय ते,” मी म्हटलं. “आईचं नाटक बघून कुणी रडत नव्हतं. लाज वाटायची लोकांना.”

सुयश, माझा धाकटा भाऊ आणि प्रेरणावहिनीचा नवरा, या सिनेमात दिग्दर्शकाचा सहायक होता. गळ्यात सिनेमावाल्यांचा पास अडकवून तो आईच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. “माय, आता तुझा सत्कार हाय. दोन शब्द चांगलं बोल. पुढच्या पिच्चरला सरांनी मला घ्यायचं कबूल केलंय. तू वाकडं बोललीस तर माझं संपलं.”

आईनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. “बघू.”

फोटोत छान दिसेल म्हणून सिनेमावाल्यांनी तिला नाटकातला जुना तांब्या आणायला सांगितला होता. तो पिशवीत घेऊन ती पडद्यापुढं गेली. शाल झाली, नारळ झाला, तांब्यासकट फोटोही झाले. मग तिच्या हातात माईक दिला.

“गाणी चांगली झाली,” आई म्हणाली. “पोरांनी लई मेहनत घेतली.”

सुयशनं सुटकेचा श्वास सोडला.

“पण खेळ संपला नाय.”

दिग्दर्शकाच्या टेबलावरची पाण्याची बाटली तिनं उचलली, झाकण फिरवलं आणि तांब्यात ओतली. माईक खाली ठेवला. तिला माईक लागतो कुठं! तिनं सूर लावला आणि आमच्या बाबांनी, सिनेमाचं कौतुक करणाऱ्या त्याच बाबांनी, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला. माझ्या अंगावर काटा आला.

कुणी उठलं नाही. मोबाइल मात्र भराभर वर झाले. दिग्दर्शक हसू तोंडावर तसंच ठेवून उभा होता. पळत जाऊन तांब्या तोंडाला लावावा असं मला वाटत होतं, पण मी पडले घरची. आईचं कडवं संपलं, तिनं दुसरं घेतलं. हात पुढंच. नाटक बघून मान खाली घालणारा एक तरी माणूस या थंडगार हॉलमध्ये असू नये, याची मला भयंकर चीड आली.

मग सुयश उठला. वहिनीनं त्याची बाही धरली, ती सोडवून तो पुढं गेला.

आईनं तांब्या मागं घेतला. “घरच्यांनी प्यायचं नाय. तुला ठावं हाय.”

सुयशनं गळ्यातला पास उचलून तिला दाखवला. “आज मी घरचा कुठंय, माय? आज मी ह्यांच्याकडून आलोय.”

आईनं तांब्या पुन्हा पुढं केला. बाबांचा ठेका चालूच होता. सुयश वाकला, त्यानं ओंजळ धरली आणि आईनं वरून धार सोडली. तो घटाघटा प्याला, पाणी कोपरांवरून शर्टात गेलं.

“प्यालास?” आई म्हणाली. “आता काढ ते गळ्यातलं.”

सुयशनं पास काढून दिग्दर्शकापुढं टेबलावर ठेवला. बाबांनी शेवटची थाप मारली. खेळ संपला.