चिपळूणपासूनचे खांदेकरी

रुग्णवाहिकेला वाट करून देणं हा माणुसकीचा पहिला नियम आहे. दुसरा नियम असा, की वाट झाली रे झाली की आपली गाडी तिच्यामागे घालावी. बावीस वर्षं रुग्णवाहिका चालवणाऱ्या शिवा गोताडला पहिला नियम पाळणारी माणसं पुष्कळ भेटली होती, पण दुसरा पाळणारी जास्त मनापासून पाळत.

आत्ताही त्याच्या आरशात एक पांढरी मोठी गाडी होती. आरशात म्हणजे आरसाभर. गणपतीचा आदला दिवस, मुंबई रिकामी करून निघालेलं अख्खं कोकण हायवेवर तुंबलेलं. सायरन वाजला की गाड्या कुरकुरत दोन्हीकडे सरकत, मधे एका गाडीपुरती फट पडे. त्या फटीतून शिवा जाई, त्याला चिकटून पांढरी, पांढरीला चिकटून लाल आणि लालला चिकटून एक करडी. चिपळूण सुटल्यापासून ही वरात अशीच चालली होती. पांढरीवाला वर हॉर्नही वाजवत होता. शिवाने दोनदा हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण केली. तो गेला नाही. अशांना पुढे जायचंच नसतं. पुढे गेलं तर वाट कोण करून देणार?

दोन वर्षांपूर्वी असाच एक मागून येऊन आदळला होता. आत सलाइन लावलेली म्हातारी होती, ती स्ट्रेचरवरून खाली आली. गाडीवाला उतरला, आपला बंपर हाताने चाचपला आणि म्हणाला, "ब्रेक मारताना सांगायचं ना."

आज मात्र आदळून दुखेल असं मागे कोणी नव्हतं. मागे स्ट्रेचरवर आनंदा रेवाळे होता. भांडुपला एका सोसायटीचा वॉचमन, वय चौपन्न, काल संध्याकाळी वारला. मला गावाला न्या, एवढंच बोलून गेला. शिवा रत्नागिरीहून पेशंट घेऊन मुंबईला गेला होता. परतीला हे भाडं मिळालं. मेलेल्या माणसासाठी सायरन वाजवायचा नसतो, हे त्याला ठाऊक होतं. कोलाडपर्यंत त्याने ते पाळलं. मग प्रेताभोवतीचा बर्फ वितळून पाणी दाराखालून ठिबकायला लागलं तेव्हा बटण दाबलं. आनंदाची बायको दर्शना मागे बसली होती, तिला चिपळूणला बसवेना, म्हणून ती पुढे शिवाच्या शेजारी आली.

"वैनी, गावात कळवलंत ना?"

"सकाळधरनं लावत्ये. सतरा घरं हायत वाडीत, सतराही रेवाळे. सगळी मुंबयवाली आल्येत. एकाचा फोन लागंल तर शप्पत."

"रेंज नसंल."

"काल व्हती की."

शिवाही कोकणातलाच. भावकीत कोणी गेलं की अख्ख्या भावकीला सुतक, आणि सुतकात गणपती बसत नाही. मात्र सुतक लागतं ते ऐकल्यापासून. न ऐकलेल्या मरणाचं सुतक नसतं. आनंदा महिनाभर आजारी होता, सणाच्या तोंडावर काय कानावर येऊ शकतं याचा अंदाज वाडीला होता. म्हणून वाडीने कानच बंद करून ठेवले होते.

आरवलीच्या अलीकडे एक फोन लागला. पुतण्या सागर. दर्शनाने तो स्पीकरवर टाकला.

"काकी, आधी माझं आयक," सागर घाईघाईने म्हणाला. "पोराचा पयला गणपती हाय. मखर झालाय, मूर्ती पडवीत आल्ये. काय आसंल ता पुढल्या मंगळवारी सांग. विसर्जन झाल्यावर."

"आरे पण खांद्याला कोण तरी..."

"काकी. तू काय बोल्ली नायस. मी काय आयकलं नाय."

फोन बंद झाला. दर्शना काचेवरच्या वायपरकडे बघत बसली.

"पोरगा वायट नाय," ती म्हणाली. "ह्यांचे चुलते गेले तवा ह्यांनी तरी काय केलान? फोनची बॅटरी काढून फळीवर ठेवलान. मी मोदक करीत व्हते." मग म्हणाली, "चार मान्सं लागतील वो भाऊ. निदान चार. जल्मभर लोकांची गेटं उघडलान त्या मान्सानं. त्याला काय मी फरफटत नेऊ?"

"एक मी हाय," शिवा म्हणाला.

"आनी तीन?"

शिवाने आरशात पाहिलं. पांढरी, लाल, करडी.

रेवाळेवाडीचा फाटा आला तेव्हा त्याने सायरन बंद केला नाही. इंडिकेटरही दिला नाही. पुढे रस्ता ठार तुंबलेला होता, आणि रुग्णवाहिका डावीकडे एका अरुंद डांबरी रस्त्याला वळली. पांढरी क्षणभरही घुटमळली नाही. ड्रायव्हर स्थानिक दिसतोय, आतला रस्ता माहीत असणार, असं तिच्यातल्या माणसाने बायकोला सांगितलं असणार. पाठोपाठ लाल आली, करडी आली. आपण करतोय ते बरोबर नाही, असं शिवाला वाटायला हवं होतं. त्याने दोन वळणं वाट पाहिली. वाटलं नाही.

रस्ता अर्ध्या तासात तीन वेळा अरुंद झाला. शेवटी दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे आणि मधे एका गाडीपुरती उताराची घाटी. ती थेट आनंदाच्या अंगणात उतरत होती आणि तिथेच संपत होती. सायरन वाजतच होता. वाडीतल्या पोरांनी दारातून माना काढल्या, आतून हात आले आणि पोरं आत गेली. दारं लागली. फटींतून मखरांचे रंगीत दिवे दिसत होते. कोणीतरी लाउडस्पीकरवर आरती लावली, आणि सायरन तिच्याहून मोठा वाटतोय असं पाहून आवाज वाढवला.

शिवाने गाडी अंगणात आडवी लावली, किल्ली काढली आणि खिशात टाकली. दर्शना घर उघडायला आत गेली.

पांढऱ्या गाडीतून चाळिशीचा एक जण उतरला. पुढे कळलं की त्याचं नाव विनोद, डोंबिवलीचा, कणकवलीला चालला होता.

"अहो ड्रायव्हर, हा रस्ता कुठे निघतो?"

"हितंच."

"म्हणजे?"

"म्हंजे हितंच येतो. पुढं पऱ्याचं पानी."

विनोदने मागे पाहिलं. त्याच्यामागे लाल गाडी, लालमागे करडी, करडीमागे वर चढत गेलेली ओली घाटी. करडीवाल्या तरुणाला सपाटीवरसुद्धा गाडी मागे घेता येत नसावी, असा त्याचा चेहरा होता.

"मग तुमची गाडी काढा. अंगणात वळवून जाऊ आम्ही."

"काढतो. पेशंट उतरला की."

"उतरवा ना मग."

शिवाने मागचं दार उघडलं. विनोद आत डोकावला आणि झटकन मागे सरला. त्याने नाकाला रुमाल लावला.

"मेलेल्या माणसाला सायरन लावून आणलात तुम्ही? आम्हाला वाटलं सिरियस आहे."

"म्हनून मागं आलात?"

"मी कंप्लेंट करणार," विनोद म्हणाला.

"करा. आधी शर्टाची बाही वर करा. खांदा द्यायचाय. मी एक, तुम्ही तिघं. वाडीतलं कोण येनार नाय."

लाल गाडीतून एक चष्मेवाला गृहस्थ उतरून आला होता. तो आता म्हणाला, "आमच्याकडे उद्या गणपती आहे हो. मढ्याला हात कसा लावणार?"

"नात्यातले हाव तुम्ही?"

"छे."

"मंग सुतक नाय. आंगोळ केलीत की झालं."

वाद आणखी दहा मिनिटं चालला असता. पण पांढऱ्या गाडीची काच खाली झाली आणि विनोदची बायको म्हणाली, "लावा हो हात एकदाचा. पाचला मूर्तीवाला दुकान बंद करतो."

तिरडी एकट्या भिकाजीने बांधली. भिकाजी रेवाळे, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही कानांनी ठार बहिरा. वाडीत खरोखर ऐकू न येणारा तेवढा एकच माणूस होता आणि आला तोच. त्याच्या घरी गणपती आणायला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे सुतकाने त्याचं काही बिघडणार नव्हतं. त्याने दर्शनाच्या पडवीतली पावसाळ्यासाठी रचलेली लाकडं पाठीवरून चार खेपा करून पऱ्याकाठच्या स्मशानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकली. तिघे मुंबईकर गाडीला टेकून घड्याळ बघत उभे होते.

निघताना दर्शनाने शिवाला बाजूला घेतलं.

"ही कोन मान्सं वो?"

शिवाने घसा साफ केला. "चिपळूणपासनं गाडीमागं हायत."

हे खरंच होतं. दर्शनाने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "ह्यांनी कधी सांगितलान नाय," ती म्हणाली. "एवडी वळख व्हती तर."

मग ती विनोदसमोर गेली आणि तिने हात जोडले. "लांबून आलात. सणाचं सोडून."

विनोदचा हात घड्याळावर होता. तो त्याने काढला. "चांगले होते," तो म्हणाला, आणि मान वळवून हळूच शिवाला विचारलं, "नाव काय म्हणालात?"

पुढे शिवा आणि लालवाला, मागे विनोद आणि करडीवाला तरुण. तिरडी आखूड झाली होती, त्यामुळे मागचे पुढच्यांना चिकटूनच. सर्वांत पुढे भिकाजी, त्याच्यामागे मडकं धरून दर्शना. पऱ्याकडे जाणारी पायवाट शेवाळलेली होती. पहिल्याच वळणावर शिवाच्या टाचेवर विनोदचा पाय पडला.

"अंतर ठेवा," शिवा म्हणाला.

"चला ना जरा. बाया चालतात तसं काय चालताय?"

"पुढं वैनी हायत. मडकं घेऊन."

"मग त्यांना बाजूला घ्या."

पंधरा पावलांवर पाय पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा टाच सोलून निघाली. मागची दोघं रेटत होती, पुढची दोघं रेटली जात होती. तिरडी दर्शनाच्या पाठीशी येऊन भिडली. ती वळली नाही, फक्त भरभर चालायला लागली, मग जवळजवळ पळायला लागली, आणि मडक्यातलं पाणी तिच्या पातळावर हिंदकळत राहिलं. भिकाजीला मागचं काही ऐकू येत नव्हतं. त्याला तिने हातानेच एका बाजूला केलं. आनंदा रेवाळेची अंत्ययात्रा घरापासून पऱ्यापर्यंत सहा मिनिटांत पोचली.

अग्नी दर्शनाने दिला. लाकूड भिजकं नव्हतं, लवकर पेटलं. विनोद म्हणाला, "झालं ना? आता किल्ली."

शिवाने लंगडत वर येऊन गाडी अंगणातून बाजूला काढली. तिघांनी एकामागून एक गाड्या वळवल्या. जाताना करडीवाल्या तरुणाने दर्शनाच्या तुळशीवृंदावनाचा कोपरा उडवला आणि तो थांबला नाही. दर्शना अजून पऱ्यावरच होती. हायवेला लागेपर्यंत शिवाच्या आरशात काही नव्हतं. हायवेला लागल्यावर कुठूनतरी एक निळी गाडी आली आणि चिकटली. सायरन बंद होता, तरीही.

दुसऱ्या दिवशी रेवाळेवाडीत पंधरा घरी गणपती बसले. आनंदा वारल्याची बातमी वाडीला पुढल्या मंगळवारी, विसर्जनाहून परतल्यावर, संध्याकाळी सव्वासातला कळली.