अर्ध्या टक्क्यावर पाणी

जावई टर्बाइनच्या पोटात बसून पात्याची कड घासत होता. चाकाची नवी पाती त्यानेच आखलेली. चाचणीत त्यांची कार्यक्षमता वाढली होती, पण त्याने कबूल केली होती त्यापेक्षा अर्धा टक्का कमी. हा अर्धा टक्का खरखरीत कडेतच अडकलाय, अशी त्याची श्रद्धा होती.

सासरे त्या वीजघराचे प्रमुख. मुलगी दिल्यापासून जावयाशी ते सरळ बोलत नसत, वाक्प्रचारांतून बोलत.

आत माणूस असताना पाणी अडवणाऱ्या मोठ्या झडपेला कुलूप घालायचं आणि किल्ली आतल्याने खिशात ठेवायची, असा नियम होता. पण प्रत्यक्ष सासरे उभे असताना कुलूप घालणं म्हणजे त्यांच्यावर भरवसा नसणं. घरात आधीच वातावरण नाजूक. कुलूप हत्यारांच्या पेटीतच राहिलं.

वर नियंत्रण कक्षात, झडपेच्या बटणांपाशी, होयबा होता. सांगितलेलं लगेच करायचं, उलट विचारायचं नाही, या गुणावर त्याला नावही मिळालं होतं आणि बढतीही.

सासरे इंटरकॉमचा रिसीव्हर हातात धरून मॅनहोलपाशी ताटकळले होते. जेवणाची वेळ टळली तसे ते आत वाकून म्हणाले, “जावईबापू, आता त्या अर्ध्या टक्क्यावर पाणी सोडा.”

होयबाला शेवटचे दोनच शब्द ऐकू गेले.

आधी पायाखालचं पोलाद गुणगुणलं. मग पाइपातून गार वारा आला. पात्यावर पाण्याचा दाब किती येतो, हे जावयाला तोंडपाठ होतं. त्या गणितात माणूस कधी धरला नव्हता. पाणी येत होतं आणि त्याच्या घशाला कोरड पडली होती. वर चढायला त्याने पात्याची कड धरली. ती इतकी गुळगुळीत झाली होती, की हात ठरेना.

“बाबा,” एवढंच तो म्हणाला. पाणी गुडघ्यांवर आलं होतं.

सासऱ्यांच्या तोंडी आधी गेलेला बैल आणि नंतर केलेला झोपा आला. तो त्यांनी गिळला.

“बंद कर,” ते रिसीव्हरमध्ये म्हणाले. “पोर आत आहे माझं.”

झडप बंद होईपर्यंत पाणी छातीला लागलं. सासऱ्यांनी कॉलर धरून त्याला वर ओढलं. दोघं फरशीवर बसून कापत राहिले. सासरे तर कोरडेच होते.

तेवढ्यात होयबाने आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला, “साहेब, मग पुढे काय करू?”

सासऱ्यांनी तोंड उघडलं. जावयाने रिसीव्हरवर झडप घातली.