बाराखडीनं लागलेला पहिला नंबर

तेरा वर्षांचा संगणक म्हणजे माणसांत सहज ऐंशीचा म्हातारा. मित्रांनो, मी असाच एक म्हातारा आहे आणि अजूनही रोज कामावर आहे.

धाराशिवच्या 'अवगत' या संस्थेनं मला आणलं. आमची संस्था नोकरी करणाऱ्यांना त्यांच्या कामाच्या जागी जाऊन संगणक शिकवते, म्हणून माझं निम्मं आयुष्य प्रवासात गेलं. गोधडीत गुंडाळून जीपमधून मला तेरच्या पतसंस्थेत, येडशीच्या दवाखान्यात, लोहाऱ्याच्या शाळेत नेलं. किती बोटं माझ्यावर शिकली! कळफलकावरचं 'क' तर पार पुसून गेलं. त्या लोहाऱ्याच्या शाळेतले शिपाई बब्रुवान चौपन्नाव्या वर्षी शिकायला बसले. पहिल्या दिवशी ते माउस टेबलावरून उचलून हवेत फिरवत होते. महिन्याभरात त्यांनी सगळ्या शाळेचा हजेरीपट माझ्यावर उतरवला. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

आमच्यासारख्या सतरा संस्थांचा एक संघ आहे. वर्षाच्या उलाढालीवरून कोण पहिला, कोण दुसरा, अशी यादी संघ दरवर्षी काढतो. यादी करायचं काम पाळीपाळीनं फिरतं. यंदा पाळी आमची होती. आणि यंदा यादीला विशेष महत्त्व होतं, कारण एका साखर कारखान्याच्या एकशेवीस कर्मचाऱ्यांना शिकवायचं काम पहिल्या तीन संस्थांनाच मिळणार होतं.

नुकतीच पदवी घेऊन आमच्याकडं शिकवायला लागलेल्या अक्षरानं सतरा अर्जांतली नावं बाराखडीच्या क्रमानं आणि त्यांच्यापुढं उलाढालीचे आकडे माझ्यात भरले. मग तिनं फक्त आकड्यांचा रकाना निवडला आणि मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लावायला सांगितलं. "शेजारची नावंही सोबत घेऊ का?" असं मी पडद्यावर विचारलंसुद्धा. तिनं घाईत 'नको'वर टिचकी मारली. आकडे हलले, नावं जागच्या जागी राहिली. तिनं फाइल जतन करून बंद केली आणि यादी छापली.

पहिलं नाव 'अवगत'! आमच्या प्रमुख वनमाला मॅडमनी शेजारचा आकडा न बघताच तिथल्या तिथं कारखान्याच्या महालिंगप्पा साहेबांना फोन लावला. "साहेब, यंदा आम्ही पहिले!"

तेवढ्यात बब्रुवान आपलं प्रमाणपत्र न्यायला आले. टेबलावरची यादी त्यांनी उचलून वाचली.

"मॅडम, ही तर आमच्या हजेरीपटावानी लागलीया. पैलं अवगत, मंग आकलन, मंग उन्मेष, मंग ओळख. सगळ्यांची कमाई बाराखडीनंच व्हती का काय?"

अक्षरानं यादी ओढून पाहिली. ती नवीन वर्गाला पहिल्याच आठवड्यात बजावत असे, की क्रम लावताना पूर्ण तक्ता निवडा.

"मॅडम, चूक माझी आहे. फाइल बंद केली, आता मागं घेता येणार नाही. परत भरावं लागेल."

वनमाला मॅडमनी वर पाहिलं. यादी पाच वाजता संघाकडं जायची होती. घड्याळात चार वाजले होते.

"कुणाच्या लक्षात येईल का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"बब्रुवान मामांच्या आलं की," अक्षरा म्हणाली.

बब्रुवान ओशाळून म्हणाले, "म्या न्हाय कुणाला सांगत. पर म्या लोहाऱ्याचा शिपाई. मला कळलं, तर साहेबाला न्हाय का कळणार?"

मॅडमना हसू आलं. त्यांनी अर्जांचा गठ्ठा पुढं ओढला. "वाचा मामा. तू भर गं."

बब्रुवान एकेक आकडा सावकाश वाचत गेले, अक्षरा भरत गेली. मीही या वयात एकदासुद्धा अडकलो नाही. या वेळी तिनं पूर्ण तक्ता निवडला. 'अवगत' अकरावी निघाली.

मॅडमनी पुन्हा फोन लावला. "साहेब, यादी चुकली होती. आम्ही अकरावे आहोत."

"अहो मॅडम, मी कुठं तपासायला येणार होतो?"

"तुम्ही नसता आलात, साहेब. पण उद्या याच संगणकावर आम्हाला लोकांना तक्ते तपासायला शिकवायचंय."

कारखान्याचं काम दुसऱ्या तीन संस्थांना गेलं. तिसऱ्या दिवशी लोहाऱ्याच्या शाळेतल्या नव्या वर्गात अक्षरानं दोन्ही याद्या माझ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावून शिकवायला सुरुवात केली. "ही माझी चूक," ती म्हणाली, "आणि ही पकडली आपल्या शाळेतल्या बब्रुवान मामांनी, याच संगणकावर शिकलेल्या." वर्ग हसला, तीही हसली. मला मात्र हसू आलं नाही. माझा ऊर भरून आला होता.

मित्रांनो, माझी धूळ कोरड्या फडक्यानं पुसा, चालू असताना वायर ओढू नका, आणि म्हातारा झाला म्हणून मला भंगारात घालायची घाई करू नका. आणि तक्त्यात तुमचाच पहिला नंबर दिसला, तर आधी तक्ता तपासा, पेढे नंतर आणा.