पावसाआधी मला पालथा घाला

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. यशोदाकाकूंच्या घरामागच्या परड्यात फणसाखाली उभा असतो. माझ्यापाशी सांगण्यासारखे काही आहे का, याची मलाच शंका वाटते, तरी सांगतो.

पूर्वी मी नांदगावच्या एका मंगल कार्यालयात पाणी साठवत असे. तिथे प्लास्टिकची टाकी आली आणि काकूंनी मला घरी आणले.

काकूंचा एक कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, उंच भरडावर, म्हणजे माळाच्या खडकाळ जमिनीवर आहे. कातळ फोडून तो त्यांनीच केला. भात निघाले की त्या तिथे कुळीथ पेरत. पण तांबडी माती ओल धरत नसे. शेंगा भरण्याआधीच वेल वाळत.

"वयनी, यंदा कुळीथ इले नाय तर थंय काजी लावतलंय," त्यांचे दीर गुरुदास म्हणाले.

"लाव! आणि पिठी कसली करतलंस? काजींची?" काकू म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

काकूंची लेक तन्वी शेतकी शिकलेली. कोळसा मातीत मिसळला की ओल टिकते, असे सांगून तिने माझ्यात काजूच्या फांद्या पेटवल्या आणि विझवायला पाणी आणण्यासाठी ती विहिरीवर गेली. काकूंचा जन्म भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, राब भाजण्यात गेलेला. त्यांनी निखारे ढवळून ढवळून पांढरी राख केली.

"आये, राख नको गो, कोळसो होयो!"

"राखेरच तरवो जोमान येता. माका शिकव नको!"

राख ओल धरत नाही, हे तन्वीने त्यांना पटवले, पण फांद्या संपल्या होत्या. मग मायलेकींनी घरोघरी फिरून करवंट्या गोळा केल्या. या वेळी ज्वाळा बसताच काकूंनी स्वतः पाणी ओतले. मी केवढ्याने चरचरलो! तो कोळसा शेण-गोमूत्रात भिजवून त्यांनी पेरणीआधी सरींत घातला.

माघात शेजारचे कुणगे पिवळे पडले, तरी काकूंचे वेल हिरवे होते. शेंगा भरल्या. गुरुदासकाकांनी जेवताना कुळथाची पिठी दोनदा मागून घेतली. काजूचे नाव काढले नाही.

"आये, हो कोळसो आता वर्सानुवर्सा मातयेत रवतलो," तन्वी म्हणाली. "परत परत घालूक नको."

पुन्हा कोळसा करायला नको, म्हणून सगळे खुशीत हसले. मी मात्र तेव्हापासून रिकामा आहे.

तक्रार नाही, मित्रांनो. काम पुरे झाले, एवढेच. पण गेल्या पावसाळ्यात माझ्यात पाणी साचले, पाने कुजली. तळ अजून गंजलेला नाही, शाबूत आहे. मला पेटवू नका हवे तर. मिरगाचा पाऊस लागण्याआधी इकडे या आणि मला फक्त पालथा घाला.